रायझर थरथरतो तेव्हा भोवरे मोडायचे की कंप थांबवायचा?

‘समुद्रातील सडपातळ संरचनांच्या प्रवाहजन्य कंपनांचे नियंत्रण’ असं शीर्षक सिनॉप्सिसवर भारदस्त दिसतं. मेकॅनिकल, सिव्हिल किंवा ओशन इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करायचा विचार असेल तर हा विषय तुमच्या यादीत कुठेतरी असेलच. असू द्या, विषय चांगला आहे. पण त्यातला ‘नियंत्रण’ हा शब्द जरा थांबून वाचा. नेमकं काय नियंत्रणात आणायचंय? पाइपमागे तयार होणारे भोवरे, पाइपचा कंप, की त्या कंपाने पाइपचं होणारं नुकसान? पहिल्या वर्षात मीही हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरायचो, आणि बरेच शोधनिबंधही तसेच वापरतात. प्रत्यक्षात एक आटोक्यात आणताना दुसरं हाताबाहेर जाऊ शकतं.

आधी मूळ गोष्ट. पुलाच्या गोल खांबामागे नदीचं पाणी कसं वागतं ते पाहिलं असेल. एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, परत डावीकडून. भोवरा सुटताना त्या बाजूचा दाब कमी होतो, त्यामुळे खांबावर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी बल येतं. हे भोवरे सेकंदाला किती सुटतात याचा ठोकताळा फार सोपा आहे: वेगाला व्यासाने भागा आणि ०.२ ने गुणा. हा ०.२ म्हणजे स्ट्रूहाल अंक. विन्सेन्झ स्ट्रूहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये हवेतून फिरवलेल्या तारांचा आवाज अभ्यासून हे नातं मांडलं. त्याचा प्रश्न समुद्राचा नव्हताच, वाऱ्यात तार का गुणगुणते एवढाच होता. आज हाय टेन्शनच्या तारांवर, टॉवरच्या जवळ, छोट्या डंबेलसारखी वजनं लटकलेली दिसतात ना, ती याच गुणगुणण्यावरचा इलाज आहेत. स्टॉकब्रिज डॅम्पर म्हणतात त्यांना.

आता हेच समुद्रात न्या. समुद्रतळावरच्या विहिरीतून तेल किंवा वायू वरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत आणणारा उभा पाइप म्हणजे रायझर. समजा त्याचा बाहेरचा व्यास ३० सेंटिमीटर आहे आणि पाण्याचा प्रवाह सेकंदाला १ मीटर. ०.२ गुणिले १ भागिले ०.३, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६७ वेळा. ऐकायला हे संथ वाटतं. पण दिवसाला ही ५७,६०० आवर्तनं होतात आणि वर्षाला दोन कोटी दहा लाख. रायझर एका जोरदार धक्क्याने तुटत नाही. वेल्डच्या जोडात केसाएवढी भेग पडते आणि ती रोज थोडी थोडी वाढत जाते. आत तेल आहे, वायू आहे, दाब आहे. म्हणून ही चिंता.

व्हायब्रेशनचा कोर्स केलेल्या कुणालाही पहिला उपाय लगेच सुचतो: भोवऱ्यांची वारंवारता आणि पाइपची नैसर्गिक वारंवारता एकमेकांपासून लांब ठेवा, म्हणजे रेझोनन्स होणारच नाही. आखूड पाइपसाठी हे खरंच चालतं. आपल्या मुंबई हायमध्ये पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. तिथे पोलादी जॅकेटच्या आधाराने वर येणाऱ्या पाइपला ठरावीक अंतरावर क्लॅम्प लावले की दोन क्लॅम्पमधला तुकडा आखूड आणि ताठ राहतो. तळावरच्या पाइपलाइनखालची वाळू वाहून जाऊन पाइप अधांतरी राहिला तर खाली सिमेंट भरलेल्या पिशव्या किंवा दगड टाकून तो टप्पा लहान करतात. या कामात ग्लॅमर नाही, पण ते पक्कं आहे. यावर पीएच.डी. करायची गरज नाही.

अडचण खोल समुद्रात सुरू होते. समजा रायझर १००० मीटर लांब आहे, ताण १५ लाख न्यूटन आणि वस्तुमान (सोबत हलणारं पाणी धरून) मीटरमागे ३०० किलो. ताणलेल्या तारेचं अकरावी-बारावीचं सूत्र लावा. पहिली नैसर्गिक वारंवारता येते ०.०३५ हर्ट्झ, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी तिप्पट. म्हणजे आपले ०.६७ हर्ट्झचे भोवरे जवळजवळ एकोणिसाव्या मोडवर जाऊन बसतात. प्रवाह पाच टक्के वाढला की विसावा मोड तयारच असतो. मोड इतके दाटीवाटीने आहेत की ‘लांब राहा’ या सल्ल्याला जागाच उरत नाही.

हे गणित आणखी एक पाऊल पुढे न्या, कारण त्याशिवाय नुकसानीचा अंदाज येत नाही. एकोणिसाव्या मोडमध्ये पाइप एका व्यासाएवढा, म्हणजे ३० सेंटिमीटर, हलतोय असं धरा. वक्रता काढा, तिला त्रिज्येने गुणा, पोलादाच्या यंग मोड्युलसने गुणा: ताण सुमारे अधिक-उणे ३२ मेगापास्कल, म्हणजे पूर्ण पल्ला ६४. आकडा किरकोळ वाटतो, पोलाद याच्या कितीतरी पट ताण सोसतं. पण वेल्डचा जोड वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या वर्गवारीत ७१ नंबरचा जोड म्हणजे ७१ मेगापास्कलचा पल्ला २० लाख वेळा सोसणारा जोड. ताण कमी झाला की आयुष्य घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ६४ ला सुमारे २७ लाख आवर्तनं. दिवसाला ५७,६०० प्रमाणे दीड महिना! खऱ्या समुद्रात वरपासून खालपर्यंत एकच प्रवाह रोज चोवीस तास नसतो, त्यामुळे एवढं वाईट होत नाही. पण आयाम निम्मा केला की आयुष्य आठपट होतं, हे त्याच गणितातून दिसतं. ‘आयाम थोडा कमी झाला’ हा निष्कर्ष म्हणूनच क्षुल्लक नाही.

हवेतल्या अनुभवावरून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही, हा पुढचा मुद्दा. तो कळायला संशोधकांनाही वेळ लागला. कॅनडात फेंगने १९६८ च्या प्रबंधासाठी हवेत प्रयोग केले होते. हवेत सिलिंडर त्याने बाजूला सारलेल्या हवेच्या शेकडोपट जड असतो. त्यामुळे तो आपल्या नैसर्गिक वारंवारतेला चिकटून हलतो, भोवरेच त्याच्या तालावर सुटू लागतात. याला लॉक-इन म्हणतात, आणि हवेत त्याचा पट्टा अरुंद असतो. पाण्यात रायझर बाजूला सारलेल्या पाण्याच्या फार तर दोन-तीनपट जड. आता पाणी सिलिंडरला हलवतं तसं त्याची नैसर्गिक वारंवारताही बदलतं, कारण सोबत हलणाऱ्या पाण्याचा वाटा वेगानुसार कमी-जास्त होतो. लॉक-इनचा पट्टा रुंदावतो आणि आयाम व्यासाएवढा होऊ शकतो. रघुरामन गोवर्धन (आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत) आणि विल्यमसन यांनी तर दाखवलं की डॅम्पिंग अगदी कमी असेल आणि हे वस्तुमान-गुणोत्तर सुमारे ०.५४ च्या खाली गेलं, तर वेग कितीही वाढवा, सिलिंडर लॉक-इनमधून बाहेरच येत नाही. त्यांचा २००२ चा तो पेपर अवश्य वाचा. प्रयोग, तर्क आणि भाषा तिन्ही स्वच्छ.

जाता जाता: प्रस्तावनेत टॅकोमा पुलाचा फोटो टाकून ‘भोवऱ्यांच्या रेझोनन्समुळे पूल पडला’ असं लिहू नका. ७ नोव्हेंबर १९४० ला तो पिळवटणाऱ्या हालचालीने पडला. ती पुलाच्या स्वतःच्या हालचालीतून वाऱ्याची ऊर्जा खेचणारी अस्थिरता होती, साधा रेझोनन्स नव्हे. परीक्षक हमखास यावर पकडतात.

आणि कंप नेहमी आडवाच असतो असंही नाही. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये हंबर नदीच्या मुखाशी इमिंगहॅम इथे तेल-धक्का बांधताना पाण्यात रोवलेले उभे पाइल प्रवाहाच्या दिशेने पुढे-मागे डोलू लागले, तेही आडव्या कंपाला लागणाऱ्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगाला. कारण सरळ आहे: भोवरा डावा असो की उजवा, प्रत्येक भोवरा मागे ओढतोच, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेतलं बल दुप्पट वारंवारतेने येतं. त्या पाइलवर झालेला अभ्यास या क्षेत्रात आजही सांगितला जातो. तुमच्या प्रयोगात सिलिंडरला फक्त आडवं हलायची मुभा असेल तर अर्धी गोष्ट तुम्ही आधीच बांधून टाकली आहे, हे निदान मान्य करून लिहा.

आता इलाजांकडे. सगळ्यात प्रसिद्ध इलाज तुम्ही पाहिला असेल, नाव माहीत नसेल: काही उंच पोलादी चिमण्यांच्या वरच्या भागाला मळसूत्रासारख्या फिरत जाणाऱ्या पट्ट्या असतात. या स्ट्रेक. स्क्रूटन आणि वॉल्श यांनी १९५७ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ही कल्पना चिमण्यांसाठी मांडली. भोवरा ताकदवान होतो तो लांबच्या लांब पट्ट्यात एकाच वेळी सुटतो म्हणून. पट्टी फिरती असली की प्रवाह प्रत्येक उंचीवर वेगळ्या कोनात सुटतो, भोवऱ्यांची एकजूट मोडते, आणि सगळ्यांची बलं एकमेकांत विरतात. चिमणीला पट्टीची उंची व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी आणि एक पूर्ण फेरा पाच व्यासांत, एवढं पुरतं. समुद्रात ते पुरत नाही. तिथे पट्टी व्यासाच्या पाव हिश्शाएवढी उंच, फेरा पंधरा ते साडेसतरा व्यासांचा, आणि अशा तीन पट्ट्या, हे माप रूढ आहे.

किंमत? ड्रॅग. गुळगुळीत, स्थिर सिलिंडरचा ड्रॅग-गुणांक १.२ धरला तर स्ट्रेक लावल्यावर तो साधारण १.५ ते २ होतो. ‘स्ट्रेकमुळे ड्रॅग वाढतो’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत सापडेल. पण ते अर्धंच खरं आहे. हलणारा उघडा सिलिंडर स्थिर राहत नाही ना! रूढ सूत्र असं आहे की कंपामुळे ड्रॅग ‘एक अधिक २.१ गुणिले आयाम भागिले व्यास’ एवढ्या पटीने वाढतो. आयाम अर्ध्या व्यासाएवढा असेल तर १.२ चा जवळपास २.५ होतो. म्हणजे कंप सुरू असलेल्या दिवशी स्ट्रेक ड्रॅग कमीच करतात, आणि बाकीच्या दिवशी, म्हणजे प्रवाह मंद पण लाटा जोरात असलेल्या दिवशी, त्या ओझं होतात. स्ट्रेक फायद्याच्या की तोट्याच्या, हा प्रश्न भूमितीपेक्षा त्या जागेच्या प्रवाहाचा आहे. मला वाटतं, स्ट्रेकचा तेरावा आकार शोधण्यापेक्षा एका ठिकाणचा वर्षभराचा प्रवाह घेऊन हा हिशेब नीट मांडणारा प्रबंध जास्त उपयोगी ठरेल. आकारांवरचे पेपर ढिगाने आहेत.

ड्रॅग नको असेल तर फेअरिंग. पाइपभोवती माशाच्या शेपटीकडे निमुळतं होत जाणारं कवच, जे प्रवाहाच्या दिशेनुसार स्वतः फिरतं. भोवरे कमी, ड्रॅगही कमी. पण ते फिरायला हवं. बेअरिंग अडकलं, किंवा शेवाळ आणि कालवं साचून जाम झालं, तर तेच कवच चुकीच्या कोनात अडकलेल्या पंखासारखं होतं आणि पाइपला उलट ढकलू लागतं.

इथेच सुरुवातीचा प्रश्न परत येतो. सिलिंडरच्या मागे एक सपाट पट्टी जोडली की दोन बाजूंचे भोवरे एकमेकांशी बोलू शकत नाहीत आणि मागचा प्रवाह शांत होतो. रोश्कोने हे पन्नासच्या दशकात दाखवलं, आणि घट्ट पकडून ठेवलेल्या सिलिंडरवर हे उत्तम चालतं. मग तोच सिलिंडर स्प्रिंगवर बसवा. असी, बेअरमन आणि किटनी यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत घट्ट जोडलेल्या पट्टीने कंप थांबवला नाही. वेग वाढेल तसा वाढतच जाणारा गॅलपिंगसारखा मोठा कंप आला, आणि तो लॉक-इनसारखा ठरावीक वेगानंतर थांबतही नाही. कारण सिलिंडर हलला की प्रवाह तिरका येतो, पट्टीवर बाजूचं बल येतं, आणि ते हालचालीच्याच दिशेने असतं. तीच पट्टी सिलिंडरभोवती फिरायला मोकळी सोडली, आणि त्या फिरण्याला थोडं घर्षण ठेवलं, तेव्हा ती एका बाजूला जरा कलून स्थिरावली आणि कंप दबला, ड्रॅगही कमी झाला. घर्षण फार कमी ठेवलं तर पट्टी स्वतःच डोलू लागते, फार जास्त ठेवलं तर परत गॅलपिंग.

त्यामुळे ‘आमच्या उपायाने लिफ्ट ९० टक्के घटली’ असं वाचलंत की पहिला प्रश्न विचारा: सिलिंडर पकडलेला होता की मोकळा? पकडलेला असेल तर भोवऱ्यांबद्दल माहिती मिळाली. कंपाबद्दल अजून काहीच नाही.

सक्रिय नियंत्रणाबद्दल, म्हणजे सेन्सर, मोटर, फीडबॅक वगैरेबद्दल, थोडक्यात सांगतो. टोकुमारू आणि डिमोटाकिस यांनी १९९१ मध्ये सिलिंडरला स्वतःभोवती मागे-पुढे फिरवून ड्रॅग ८० टक्क्यांपर्यंत कमी केला. सुंदर प्रयोग, पण रेनॉल्ड्स अंक १५,००० आणि सिलिंडर बाजूला हलायला मोकळा नव्हता. रुसोपुलोसने १९९३ मध्ये फीडबॅक वापरला, तेव्हा सेन्सरजवळ भोवरे दबले, पण सिलिंडरच्या लांबीवर दूर ते चालूच राहिले. एक किलोमीटरच्या पाइपवर किती सेन्सर बसवणार आणि वीस वर्षं ते कोण दुरुस्त करणार? भौतिकशास्त्र म्हणून हा विषय घ्या, मजा येईल. पण प्रस्तावनेत ‘रायझरसाठी उपयुक्त’ असं सहज लिहून टाकू नका.

लांब रायझर प्रयोगशाळेत मावत नाही, ही या क्षेत्राची खरी अडचण आहे. एमआयटीच्या किम व्हँडिव्हर यांच्या गटाने म्हणूनच २००४ आणि २००६ मध्ये गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहात बोटीमागून सुमारे ५०० फूट लांब आणि जेमतेम दीड इंच जाडीचा पाइप, आत ऑप्टिकल फायबर बसवून, ओढला. पाठ्यपुस्तकातल्या उभ्या राहणाऱ्या मोडऐवजी बराचसा कंप पाइपवरून प्रवास करणाऱ्या लाटांचा निघाला. शिवाय भोवऱ्यांच्या तिप्पट वारंवारतेचा घटक ताणात ठळक होता. आयामात हा घटक जवळपास दिसतच नाही, पण वक्रता वारंवारतेबरोबर झपाट्याने वाढते आणि आवर्तनंही तिप्पट होतात. आयाम पाहणाऱ्याला जे दिसत नाही, ते वेल्डला जाणवतं. आपण आयामाला नुकसानीचं माप समजतो तेव्हा हेच निसटतं. या सगळ्या अनिश्चिततेमुळे रायझरच्या आयुष्याच्या हिशेबात दहापट सुरक्षा-गुणक सर्रास वापरतात. तो गुणक म्हणजे आपल्या अज्ञानाची पोलादात मोजलेली किंमत.

आता तुम्ही काय करू शकता ते. सिम्युलेशन करणार असाल तर लक्षात ठेवा: सिलिंडरमागचा प्रवाह सुमारे १९० रेनॉल्ड्स अंकाच्या पुढे त्रिमितीय होतो. १०० वर द्विमितीय काम प्रामाणिक आहे, १०,००० वरच्या द्विमितीय रंगीत चित्रांवर मात्र विश्वास ठेवू नका. आपल्या उदाहरणातला रायझर तीन लाखांवर आहे, जिथे गुळगुळीत सिलिंडरचा ड्रॅगच अचानक कोसळतो. कॉलेजच्या पाण्याच्या चॅनेलमध्ये, पाच सेंटिमीटरच्या नळीवर, तुम्ही १०,०००–२०,००० पर्यंत पोचाल. ही दरी भरून निघत नाही, पण ती मोजता येते. गोवर्धन आणि विल्यमसन यांनी २००६ मध्ये डॅम्पिंग काटेकोर बदलून, रेनॉल्ड्स अंकाचा आयामावर होणारा परिणाम वेगळा काढून दाखवला. पद्धत शिकायला तो पेपर घ्या.

प्रयोग करणार असाल तर पहिला महिना एकाच कामाला द्या: प्रवाह बंद ठेवून सिलिंडर हाताने सोडायचा आणि कंप कसा विरतो ते नोंदवायचं. आधी हवेत, मग स्थिर पाण्यात. हवेतून स्प्रिंग आणि बेअरिंगचं डॅम्पिंग मिळतं, पाण्यातून सोबत हलणारं पाणी किती ते कळतं. स्ट्रेक किंवा पट्टी लावल्यावर दोन्ही चाचण्या परत करायच्या, कारण जोडलेल्या भागाने वस्तुमानही बदललेलं असतं. नाहीतर आयाम घटला तो तुमच्या उपायाने की वाढलेल्या वजनाने, हे सांगता येत नाही. उपायाचं मॉडेल आणि तेवढ्याच वस्तुमानाचा साधा सिलिंडर, अशी जोडी ठेवलीत तर तुमचे आलेख कुणीही सहज खोडू शकणार नाही.

आणि प्रश्न हवाच असेल तर एक देतो. स्ट्रेक बाजारातून नव्या, गुळगुळीत येतात आणि चाचण्याही बहुतेक तशाच होतात. उबदार समुद्रात काही महिन्यांत पट्ट्यांमधल्या खोबणी कालवांनी भरू लागतात. पाव व्यासाची पट्टी मग प्रवाहाला तितकी उंच राहत नाही, व्यास वाढतो, खरखरीतपणा वाढतो, वजनही. कंप, ड्रॅग आणि ताण हे तिन्ही एकाच वेळी, खोबण किती भरली त्यानुसार मोजायचे. यासाठी लागतं ते छोटं चॅनेल, थ्रीडी प्रिंटर, दोन स्ट्रेन गेज आणि भरपूर चिकाटी. गाइडकडे जाताना फक्त आयामाचा आलेख नेऊ नका, ताणाचाही न्या.